मागून दुसरी सीट

३ ऑगस्ट

दाजींना नमस्कार, ताईला त्याहून थोडा जास्त.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, "तो कप जिंकलास, तुला पडला केवढ्याला?" खरा हिशेब देतो. कप वीतभर उंचीचा, आतून पितळी. त्यासाठी लागलं ते असं: माझा आवाज, जो हल्ली घशातून येतो की बुटातून ते माझं मलाच कळत नाही. चार घरांचे पडदे, ज्यांतला एकही पुढच्या घराच्या खिडकीला बसला नाही. तुमच्या भाचीच्या दोन जिवलग मैत्रिणी, ज्यांच्याशी बोलायची भाषाच ती आता विसरत चालली आहे. आणि हिच्या तीन नोकऱ्या, प्रत्येक वेळी मालक "बाई फार चांगल्या" म्हणायला लागला की सोडलेल्या. कप त्या क्लबच्या कपाटात आहे. मला फोटो मिळाला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

आता पाचव्या देशात येऊन पडलो आहोत. गाव थंड, माणसं थंड नाहीत. क्लबचे अध्यक्ष न्हाणीघराच्या फरशा बनवतात. त्यांच्या ऑफिसात पाऊल टाकलं की टॉवेल विसरल्यासारखं वाटतं. इथला फुटबॉल संघ गेल्या वर्षी कसाबसा तरला. यंदा तळाच्या दोघांत आलो तर लीगमधून खाली घसरणार, आणि संघ घसरला की पहिला नारळ कोचला मिळतो हे तुम्हाला आता सांगायला नको.

पण या वेळी नुसत्या नोकरीची गोष्ट नाही. हिने या घरात पडद्यांना अस्तर लावलं आहे. अस्तर म्हणजे काय ते ताईला विचारा. हलवायच्या इराद्याने शिवलेल्या पडद्याला बाई अस्तर लावत नाही. चष्म्याच्या दुकानात कामालाही लागली. परवा पडद्याच्या दांड्याचे स्क्रू घट्ट करता करता म्हणाली, "पाचव्यांदा आले तुझ्यासाठी. सहाव्यांदा तू जा, मी पत्र लिहीन." हसत म्हणाली. म्हणूनच घाबरलो.

तर दाजी, एक शिकवा. प्रत्येक क्लबात मला काढल्याचं सगळ्यांत शेवटी मलाच कळलं. एकदा पेपरवाल्याकडून, एकदा टॉवेल धुणाऱ्या बाईकडून. एकदा तर माझ्या जागी आलेल्या माणसानेच मला विचारलं, गाडी कुठे लावू? तुम्ही बसच्या मागच्या दाराला लटकणारे क्लीनर होतात, आज सात गाड्यांचे मालक आहात. माणसांच्या मनात काय शिजतंय ते आधी कसं ऐकायचं? इथली भाषा मला येते ती मैदानापुरती: डावीकडे, मागे, लवकर, आणि एक शिवी.

फोन केला होता. ताई म्हणाली तुम्ही गॅरेजमध्ये आहात. तुम्ही नेहमीच गॅरेजमध्ये असता.

तुमचा शिट्टी
(तिकडे अजून हेच नाव चालत असेल तर)


१९ ऑगस्ट

चि. शिट्टीला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार. भाचीला जे हवं असेल ते.

नाव चालतं. तुझी शिट्टी ऐकून तीन गल्ल्यांतली कुत्री गोळा व्हायची, ते नाव इतक्यात कसं जाईल?

फोनचं मनावर घेऊ नकोस. फोनवर माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं खरखरतो. पत्र बरं. लिहिलं की लिहिलं, मग पळता येत नाही.

आता मुद्द्याचं. तू संघाच्या बसमध्ये बसतोस कुठे? पुढे, ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी. बरोबर? सगळे साहेब तिथेच बसतात. तिथून फक्त रस्ता दिसतो, आणि रस्ता ड्रायव्हर बघतोय, तुला बघून काय करायचंय? मागून दुसऱ्या सीटवर बस. सगळ्यांत मागची घेऊ नकोस, ती दांडगटांची असते आणि तिथे बसलेला साहेब पहारेकरी वाटतो. मागून दुसरी. डोळे मीट. तोंड जरासं उघडं ठेव, म्हणजे झोपलास असं वाटेल.

भाषा येत नाही ते तर फारच उत्तम. भाषा आली की माणूस शब्दांत अडकतो. तू हसू ऐक. कुठून सुरू होतं, कुठे जाऊन थांबतं, कोण उशिरा हसतो. फार मोठ्याने हसतो तो घाबरलेला असतो. सगळ्यांच्या नंतर हसतो तो कोणाच्या तरी आधाराने बसलेला असतो. आणि जो स्वतः न हसता बाकीच्यांना हसवतो तो तुझा खरा कॅप्टन, पट्टी कोणाच्याही दंडाला असो.

मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. शाळा सातवीत सुटली. पण क्लीनर असताना चाकाचा एक नट सैल असला तर मागच्या दारात उभ्या उभ्या सांगायचो, डावीकडचा का उजवीकडचा. हे दोन कान आजवर एकदाही चुकलेले नाहीत. सात गाड्या त्यांच्याच जोरावर उभ्या केल्या. आता मात्र नव्या गाड्यांत राम नाही. इंजिन चालू आहे की बंद तेच कळत नाही. ड्रायव्हरही तसलेच, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. तुझी ताईसुद्धा हल्ली स्वयंपाकघरातून भिंतीशी बोलते.

अस्तराचं तिने समजावलं. समजावताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मेहुण्या, ही नोकरी सांभाळ.

तुझा दाजी


३० सप्टेंबर

दाजी, पाय पुढे करा, धरायचे आहेत.

पहिल्या प्रवासात मी मागून दुसऱ्या सीटवर जाऊन डोळे मिटले, तर मालिशवाल्याने माझ्या अंगावर पांघरूण घातलं आणि कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या प्रवासात त्यांना सवय झाली. तिसऱ्यात मला ऐकू यायला लागलं.

गोलकीपर काही बोलला की अख्खी बस हसते. फक्त माझ्या पुढच्या सीटवरचा लांबटांग्या हसत नाही. हा आमच्या बचावाचा मधला खांब. आणि लांबटांग्या तोंड उघडतो तेव्हा गोलकीपर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवतो. दर वेळी. कर्रर्र. मी डोळे मिटून आमच्यावर झालेले गोल आठवले. बहुतेक सगळे या दोघांच्या मधल्या जागेतून! चेंडू येतो, एकाने ओरडायचं असतं "माझा", आणि दोघंही तोंडात मूग धरून उभे.

 पुढच्या गावी हॉटेलात दोघांना एका खोलीत टाकलं आणि किल्ली एकच दिली. सकाळी नाश्त्याला लांबटांग्या गोलकीपरला पावाला लोणी लावून देत होता. भांडण कशाचं होतं ते मला आजही माहीत नाही. सामना जिंकलो. त्यानंतरचाही.

न हसता हसवणारा कोण तेही कळलं. कॅप्टनच निघाला. त्याला सगळे सुतार म्हणतात. बापाचं लाकूडकामाचं दुकान आहे, सुट्टीत हाही रंधा मारतो. वय झालंय, जिना उतरताना गुडघे वाजतात, पण तो मैदानात असला की बाकीचे दहा जण आपापल्या जागी सापडतात. त्याची पुतणी आमच्या लेकीच्या वर्गात आहे. दोघी दिवसभर एकमेकींच्या घरी. लेक आता इथली भाषा माझ्यापेक्षा कितीतरी बरी बोलते आणि माझे उच्चार ऐकून कानांवर उशी धरते.

हिचा मालक परवा म्हणाला, "बाई फार चांगल्या." ही मला येऊन ते सांगून माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "कुंडी आणू म्हणते खिडकीत." मी म्हटलं, दोन आण.

तुमचा शिट्टी


१५ ऑक्टोबर

चि. शिट्टी,

तुझं पत्र मी स्टँडवर तीनदा वाचून दाखवलं. अंगावर मूठभर मांस चढलं रे. बुकिंगवाला म्हणतो, "मालक, आता परदेशात क्लबच काढा." म्हटलं, आधी तू तिकिटं काढ.

बघितलंस? भाषा लागत नाही. कान लागतात. कालचंच सांगतो. चार नंबरच्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरतोय म्हणून मेकॅनिक माझ्या मागे लागला होता. शेवटी स्वतः चालवून आलो. घाटापर्यंत गेलो नि आलो, एक आवाज नाही. म्हटलं, पाठव लांबच्या फेरीला. हल्लीच्या पोरांना नसलेले आवाज ऐकू येतात.

बसत राहा तिथेच. सीट सोडू नकोस.

दाजी

तुझी ताई म्हणते कुंडीत काय लावलं ते वहिनींनी कळवावं.


११ जानेवारी

दाजी,

कुंडीत काय लावलं ते ही सवडीने लिहील. मी दुसऱ्याच चिंतेत आहे.

पाच सामने झाले, एकही जिंकलेला नाही. तळापासून तिसरे आहोत. ते एक वेळ चालेल, असे दिवस येतात. पण बस बदलली आहे. महिनाभरापूर्वीपर्यंत मी चढायचो तेव्हा मागे गलका असायचा. आता मी पायरीवर पाय ठेवला की हसू कापल्यासारखं थांबतं. मी मागून दुसऱ्या सीटपर्यंत चालत जातो तेवढा वेळ फक्त माझ्याच बुटांचा आवाज. बसलो, डोळे मिटले, तोंडही उघडं ठेवलं. काही नाही. कोणी कागद चुरगळतं, कोणी खोकतं.

आणि हे गप्प करणारा सुतार आहे. परवा चढताना ड्रायव्हरच्या आरशात दिसलं. लांबटांग्या काहीतरी सांगत होता, मी आलो, आणि सुताराने हात नुसता खाली केला. असा, पोरांना बसवतात तसा. सगळे बसले. त्याआधी एकदा तो अध्यक्षांच्या खोलीतून बाहेर येताना दिसला. तोंड लालबुंद. मला बघून त्याने मान खाली घातली. आजवर त्याने माझ्यासमोर मान खाली घातलेली नाही.

चार देशांत मला आधी कळलं नाही. या वेळी कळतंय असं वाटतंय, आणि कळून फार वाईट वाटतंय. मी या माणसाच्या घरी जेवलो आहे.

हिला सांगितलेलं नाही. कुंडीला पाणी घालताना ती गुणगुणत होती.

काय समजू?

शिट्टी


२४ जानेवारी

चि. शिट्टी,

पत्र मिळताच लिहायला बसलो आहे. जेवण झाकून ठेवलंय.

समजायचं काय त्यात? तू आलास की हसू थांबतं, म्हणजे विषय तूच. हात खाली करतो तो पुढारी. मालकाच्या खोलीतून लाल तोंडाने येतो, म्हणजे आत काहीतरी ठरवून आलाय. मान खाली घालतो, म्हणजे मन खातंय. चारही चाकं एकाच दिशेला आहेत, गाडी आणखी कुठे जाणार?

गॅरेजमध्ये मी पाऊल टाकलं की सगळे चिडीचूप होतात, पण तो धाक. मी मालक आहे. तू पगारी माणूस. तुझ्यासमोर चिडीचूप झाले तर तो धाक नव्हे, तो कट. माझ्याकडे एकदा ड्रायव्हर आणि कंडक्टर असेच मला बघून गप्प व्हायला लागले. मी विचारत बसलो नाही. दोघांच्या गाड्या वेगळ्या केल्या. महिन्यात एकाने दुसऱ्याची सगळी भानगड आणून माझ्यापुढे ओतली.

सुताराला उतरव. बाकावर बसव. कॅप्टनची पट्टी दुसऱ्याला दे. मागचं हसू आपोआप पुढे येईल. चांगुलपणा करत बसशील तर पाचव्यांदा गाशा गुंडाळशील, आणि या वेळी गुंडाळायला वहिनी मदत करणार नाहीत.

माझे कान सांगतायत. ऐक.

दाजी

ता. क. हे हात धुवायला गेलेत तेवढ्यात मी लिहिते. यांचं ऐकण्याआधी एकदा त्या सुतारालाच विचार. तुला भाषा येत नसली तर लेकीला घेऊन जा. आणि फोन करायचा तर दुपारी कर, मी घरी असते. ताई


२० मे

ताई आणि दाजी,

सीझन संपला. आम्ही खाली गेलो.

फेब्रुवारीत सुताराला बाकावर बसवलं. त्याने पट्टी काढून घडी करून माझ्या हातात दिली. बाकावर बसून बाटल्या भरायचा, बदली खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या बघायचा. त्याच्याशिवाय मैदानावर कोणाला आपली जागा सापडेना. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती. शेवटी शेवटी कॉर्नर आला, चेंडू गोलकीपर आणि लांबटांग्याच्या मधे पडला, आणि दोघंही "माझा" म्हणून ओरडले. या वेळी दोघंही. एकमेकांवर आदळले. समोरच्या पोराने रिकाम्या जाळीत चेंडू ढकलला.

मला काढल्याचं दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः सांगितलं. तेवढी प्रगती झाली म्हणायची.

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात सुतार, हातात हत्यारांची पेटी. मला वाटलं मारायला आलाय. तो हिला म्हणाला, पुतणी सांगत होती तुमच्याकडे पडद्याचा दांडा निसटलाय. स्टूल घेतलं, भिंतीत नवीन लाकडी गुटका ठोकला, दांडा बसवला, पडदा स्वतः ओढून बघितला. मग चहाला बसला आणि बोलायला लागला. लेकीला मधे बसवलं.

ताई, तू जानेवारीत सांगितलंस ते मी मेमध्ये केलं.

लेक एकेक वाक्य ऐकून सांगत होती, शाळेत धडा वाचतात तशी. "डिसेंबरमध्ये अध्यक्षांनी याला बोलावलं. म्हणाले, उन्हाळ्यापासून दुसरा कोच ठरलाय, पोरांना तयार ठेव, आणि बाबाला कळू देऊ नको. मग हा त्यांच्याशी भांडला." बिस्किट खाल्लं. "मग याने सगळ्यांना सांगितलं, आपण लीगमध्ये टिकलो तर अध्यक्षांना बाबाला काढायला तोंड राहणार नाही. पण बाबाला सांगायचं नाही."

"का नाही सांगायचं?" मी विचारलं.

तिने त्याला विचारलंच नाही. "ते मला माहीत आहे. मी त्याच्या पुतणीला सांगितलं होतं, बाबाला असं काही कळलं की तो लगेच बॅग काढतो." मग पुन्हा त्याच्याकडे वळली, ऐकलं. "तू बसमध्ये आलास की ते गप्प व्हायचे, कारण त्यांना तुझ्यासमोर खोटं हसता येत नव्हतं."

मी विचारलं, मी याला बाकावर बसवलं तेव्हा हा बोलला का नाही? तो बराच वेळ बोलला. लेक म्हणाली, "तो म्हणतो, तू विचारलं नाहीस."

"एवढा वेळ बोलला आणि एवढंच?"

"बाकीचं त्याच्या गुडघ्यांबद्दल आहे. ते मी नाही सांगणार."

हा त्याचा शेवटचा सीझन होता, दाजी. तो मी त्याला बाटल्या भरायला लावला.

तो गेल्यावर ही कप विसळत होती. मी वाट बघत होतो की आता बोलेल. म्हणाली, "सोमवारी मला दुकान आहे." 

मंगळवारी सहाव्या देशातून फोन आला. लीग वरची, संघ बरा, घर समुद्राजवळ. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. हे पत्र पोचेपर्यंत मी ते दिलेलं असेल. सल्ला मागत नाही.

शिट्टी


१२ जून

चि. शिट्टी,

पत्र वाचलं. स्टँडवर वाचून दाखवलं नाही.

असं बघ. सल्ला चुकला असं मी म्हणणार नाही, गाडी चुकली. मी ज्यांच्यात वाढलो ते मालकासमोर गप्प होतात ते काहीतरी लपवायला. तुझे लोक लपवत होते ते तुलाच वाचवायला. असलं गिऱ्हाईक माझ्या बसमध्ये कधी चढलंच नाही, तर त्याचा आवाज मला कुठून ठाऊक असणार?

चार नंबरच्या गाडीचा गिअरबॉक्स घाटात गेला. प्रवाशांना उन्हात उतरवून दुसरी गाडी पाठवावी लागली. मेकॅनिक मला काहीतरी बोलला. मी म्हटलं, ठीक आहे.

सुताराचे गुडघे कसे आहेत? आणि शुक्रवारी काय उत्तर दिलंस ते लिही. चार ओळी लिही, पण लिही. तुझी ताई दुपारभर फोनशी बसलेली असते. मी काही विचारलं की हाताने नुसतं "नंतर" करते. समुद्राजवळचं घर वाईट नसतं म्हणा. पण वहिनी काय म्हणाल्या?

दाजी


८ सप्टेंबर

दाजी,

गेलो नाही.

उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी मोठी बॅग काढायला माळ्यावर चढलो. लेक खालून बघत होती. बॅग उघडली तर आत कपडे नव्हते, पडदे होते. चारही घरांचे, घड्या घालून. प्रत्येक घडीवर हिने खडूने खिडकीचं माप लिहून ठेवलं होतं, पुढे कधी तशीच खिडकी मिळाली तर म्हणून. इतक्या वर्षांत एकही मिळाली नाही. मी बॅग बंद केली आणि तिथेच माळ्यावर बसून त्या लोकांना फोन लावला. नाही म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, खिडक्यांचं माप जुळत नाही. त्यांना वाटलं मला त्यांची भाषा येत नाही.

हिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "माळ्यावर धूळ होती ना? आंघोळ कर." मग बऱ्याच दिवसांनी गुणगुणली.

आता मी इथल्या मुलींच्या शाळेचा कोच आहे. नेमणुकीच्या कागदात "बस चालवणे" हेही काम लिहिलंय. छोटी गाडी आहे, वीस जणींची, तुमच्या चार नंबरसारखीच कुरकुरते. सुतार त्याच शाळेत लाकूडकाम शिकवतो आणि सामन्याला बरोबर येतो. नव्या मुलींना तोच कोच वाटतो आणि मी ड्रायव्हर. आम्ही दोघांनीही अजून खुलासा केलेला नाही. त्याच्या गुडघ्यांचं विचारलंत. थंडीत वाजतात. मी त्याच्याशी गुडघ्यांवरच पहिल्यांदा सलग बोललो, लेकीला मधे न घेता. त्यासाठी दहा-बारा नवे शब्द शिकलो.

मागून दुसऱ्या सीटवर तो बसतो. मी पुढे, रस्ता बघत. आता बघावाच लागतो. मागे हसू सुरू होतं, मी आरशात बघितलं तरी थांबत नाही. विषय मीच आहे, लेकीनेच सांगितलं. मी गिअर बदलताना खांदा उचलतो म्हणे, वजन उचलणाऱ्यासारखा. सुतार त्याची नक्कल करतो. स्वतः न हसता.

तुमच्या शिकवणीतलं ते तेवढं खरं निघालं, म्हणून तुम्हाला ऐकवायचं होतं. गेल्या आठवड्यात परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेतली, तुम्हाला फोन लावला आणि मागे पोरींकडे धरला. तुम्ही उचललात, चक्क. "हॅलो, हॅलो" केलंत, मग "लाइन मेली आहे" म्हणून ठेवून दिलात.

लाइन चांगली होती, दाजी. पोरी केवढ्याने हसत होत्या. तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला कसं नाही आलं ऐकू?

शिट्टी


२२ सप्टेंबर

शिट्टू,

पत्र आलं तेव्हा हे गॅरेजमध्ये होते, खरोखरचे. मीच फोडलं. तुझा शेवटचा प्रश्न वाचून बराच वेळ पायरीवर बसले. सांगायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली होती. पण तुझ्या सुताराची गोष्ट वाचल्यापासून माणसाला न सांगता त्याचं भलं करण्यावरचा माझा विश्वास उडालाय.

राहिलास ते फार चांगलं केलंस. वहिनीने कुंडीत पुदिना लावलाय हे तिने मला फोनवर जानेवारीतच सांगितलं होतं. आमचं दर बुधवारी दुपारी बोलणं होतं. बॅगेतल्या पडद्यांचंही मला माहीत होतं. ती खडूने मापं लिहीत होती तेव्हा मीच तिला फोनवर म्हटलं होतं, कशाला लिहितेस, टाकून दे. ती म्हणाली, राहू दे, एक दिवस त्याला सापडतील.

यांच्यावर रागावू नकोस. जानेवारीचं ते पत्र टाकून आल्यावर हे दोन दिवस जेवणात लक्ष न देता जेवत होते. तू खाली गेलास कळलं तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन त्या मेकॅनिकला म्हणाले, तुझं बरोबर होतं. तो बिचारा तीन वेळा काहीतरी बोलला. यांनी तीनही वेळा "ठीक आहे" म्हटलं. आणि यांना वाटतं तसं गॅरेज धाकाने गप्प होत नाही रे. यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मालकावर ओरडायला कोणी धजत नाही, म्हणून गप्प होतात.

बुधवारी दुपारी फोन लाव. पोरींचं हसू मला ऐकव. मी कागदावर लिहून यांना दाखवीन, कोण आधी हसलं, कोण नंतर, सगळं. त्यांना आवडेल.

यांना डाव्या कानाने चार वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही, आणि उजव्याने अगदी थोडं. यंत्र आणलेलं आहे. ते गाड्यांच्या चाव्यांबरोबर खुंटीला असतं.

ताई